गोळी कमी करण्याचं काम

न्यूरॉलॉजीच्या ओपीडीत औषध सुरू करायला पाच मिनिटं पुरतात. डॉक्टर लिहितात, मी समजावून सांगते, मेडिकलवाला पाकिटावर सकाळ-दुपार-संध्याकाळच्या खुणा करतो, झालं. तीच गोळी बंद करायची म्हटली तर कधीकधी अर्धं वर्ष जातं, आणि त्या अर्ध्या वर्षात घरात जे काही घडतं ते प्रिस्क्रिप्शनच्या कागदावर कुठंच मावत नाही. ते माझ्या वहीत असतं. मी पुण्यातल्या एका रुग्णालयात परिचारिका आहे. पार्किन्सनच्या पेशंटांचे औषधांचे तक्ते बनवणं, त्यांच्या घरी फोन करणं आणि आलेले फोन घेणं हे बरीच वर्षं माझं काम आहे. डोस किती, हे डॉक्टर ठरवतात. डोस उतरल्यावर घरात काय चाललंय हे बहुतेक वेळा आधी मला कळतं.

इथे ज्यांच्याविषयी लिहिलंय त्यांची ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत. आजार, औषध आणि त्रास यांना हात लावलेला नाही.

आधी औषधांविषयी थोडं, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. पार्किन्सनमध्ये मेंदूतल्या डोपामाइन बनवणाऱ्या पेशी हळूहळू घटत जातात. हात थरथरतो, अंग आखडतं, पाऊल तोकडं पडतं, अक्षर बारीक होत जातं. १९६० साली व्हिएन्नातल्या ओलेह हॉर्निकिविच यांनी दाखवून दिलं, की या आजारानं गेलेल्यांच्या मेंदूत डोपामाइन अगदी कमी झालेलं असतं. पुढच्याच वर्षी त्यांनी वाल्थर बिर्कमायर यांच्यासोबत पेशंटांना लेव्होडोपाची इंजेक्शनं देऊन पाहिली आणि अंथरुणाला खिळलेली माणसं काही तासांपुरती का होईना, उठून चालली. १९६७मध्ये जॉर्ज कोटझियास यांनी अमेरिकेत हेच औषध तोंडावाटे, मोठ्या मात्रेपर्यंत सावकाश चढवत नेऊन दिलं. आपल्याकडे ‘सिन्डोपा’ म्हणून घरोघरी ओळखली जाणारी गोळी ती हीच. लेव्होडोपा, आणि ते वाटेतच खर्ची पडू नये म्हणून जोडीला कार्बिडोपा.

दुसरा गट डोपामाइन अ‍ॅगोनिस्टांचा. प्रॅमिपेक्सोल आणि रोपिनिरोल ही त्यातली आपल्याकडे जास्त चालणारी नावं. दोन्हींना अमेरिकेत १९९७ साली मान्यता मिळाली. लेव्होडोपापासून मेंदू स्वतः डोपामाइन तयार करतो. अ‍ॅगोनिस्ट मात्र डोपामाइनच्या जागी स्वतःच काम करतं. त्यातही प्रॅमिपेक्सोलचा ओढा डोपामाइनच्या ज्या डी-३ ग्राहींकडे जास्त, ते मेंदूच्या हालचालींच्या भागापेक्षा इच्छा, हौस आणि बक्षिसाची ओढ यांच्याशी संबंधित भागात अधिक असतात. म्हणजे गोळी घ्यायची हाताच्या कंपासाठी, पण ती पोचते मनाच्याही मुळाशी. घरच्यांच्या लेखी दोन्ही ‘कंपाच्या गोळ्या’. थांबवताना मात्र दोघींच्या तऱ्हा अगदी निराळ्या, आणि कुठली गोळी थांबली आहे यावर पुढचं संकट ठरतं.

भोरकडचे एक काका एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. दिवसाला तीन मिलिग्रॅम प्रॅमिपेक्सोल आणि थोडी सिन्डोपा यावर त्यांचं चालणं-बोलणं उत्तम होतं. ओपीडीत ते आमचे कौतुकाचे पेशंट, खुर्चीतून हात न टेकवता उठून दाखवायचे. आमच्याकडे एक पद्धत आहे. मी पेशंटचं बीपी घ्यायला त्यांना आतल्या खोलीत नेते, तेवढ्या वेळात डॉक्टर सोबतच्या माणसाशी बोलतात. त्या दिवशी उलटं झालं. काका डॉक्टरांशी बोलत राहिले आणि काकू माझ्यामागे आत आल्या.

“सिस्टर, हे रात्री झोपत नाहीत,” त्या म्हणाल्या. आधी मिक्सर उघडला, मग पंखा, मग रेडिओ, मग नातवाची रिमोटची गाडी. जमिनीवर जुना पेपर अंथरायचा आणि सगळे स्क्रू लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीत मांडायचे. जोडणी होतच नाही. पहाटेपर्यंत नुसती मांडामांड. “मला वाटलं, माणूस कामाला लागलाय, बरंच आहे.” मग आवाज खाली आणून त्यांनी खरी गोष्ट सांगितली. मोबाइलवर रमी. मुलाला बँकेचे मेसेज दिसले तोवर फंडातली बरीच रक्कम गेलेली. “सगळी नोकरी गाडीवर गेली यांची, साधी तंबाखू खाल्ली नाही कधी. आणि आता या वयात पत्ते?”

हे या औषधांचं ओळखीचं रूप आहे. अमेरिका आणि कॅनडातल्या ३,०९० पेशंटांची पाहणी २०१० साली प्रसिद्ध झाली. जुगार, बेसुमार खरेदी, अधाशासारखं खाणं आणि अनावर कामवासना या चारांपैकी निदान एक गोष्ट अ‍ॅगोनिस्ट घेणाऱ्यांपैकी १७.१ टक्के लोकांत आढळली, न घेणाऱ्यांत ६.९ टक्क्यांत. वस्तू उघडून मांडत बसण्याचा प्रकार यांच्याच भावकीतला. चौथ्या गोष्टीबद्दल आपल्याकडे आपण होऊन कोणी बोलत नाही. म्हणून मी बायकांना बाजूला घेऊन सरळ विचारते, “रात्री त्रास देतात का?” खूप वेळा उत्तर म्हणून नुसते डोळे भरून येतात.

डॉक्टरांनी काकांना समोर बसवून सांगितलं, की हे गोळीचं काम आहे आणि ती कमी करत बंद करावी लागेल. काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “म्हणजे मी वाया गेलेलो नाही.” मुलानं त्यावर मान खाली घातली. त्या घरात आदल्या महिन्याभरात काय काय बोललं गेलं असेल, याचा अंदाज मला तेवढ्यावरून आला.

पुढचा प्रश्न वेगाचा होता. या औषधाच्या अमेरिकेतल्या माहितीपत्रकात रोज पाऊण मिलिग्रॅमनं उतरत यायला सांगितलंय, शेवटी त्याहून थोडं सावकाश. त्या हिशेबानं तीन मिलिग्रॅमवरचा माणूस आठवड्याच्या आत शून्यावर येतो. शरीराच्या दृष्टीनं ते चालून जातही असेल. मनाचं गणित वेगळं असतं. आमच्या डॉक्टरांनी दर दोन आठवड्यांना पाव मिलिग्रॅम, असा तक्ता लिहिला. हालचाल ढासळू नये म्हणून सिन्डोपा थोडी वाढवली. काकांना तक्ता एका वाक्यात कळला. “म्हणजे घाट उतरायचाय. न्यूट्रल मारायचा नाही.” मी ते वाक्य तेव्हापासून कितीतरी घरांत वापरलंय. इतकं नेमकं समजावणं मला जमलं नव्हतं.

वही ठेवा म्हटलं तर काकूंनी वही ठेवली नाही. भिंतीवरच्या कालनिर्णयवर त्या दुधाचा हिशेब लिहायच्या, त्याच चौकोनांत त्यांनी काकांचाही हिशेब सुरू केला. पुढच्या भेटीला त्यांनी ती पानं फाडून आणली. ‘अर्धा लि.’च्या खाली बारीक अक्षरात ‘झोप ३ तास’, ‘घाम, सदरा बदलला’, ‘जेवले नाहीत’, ‘गोळी मागितली दोनदा’, ‘रडले’. दवाखान्याच्या छापील फॉर्ममध्ये ‘रडले’ला रकाना नसतो. त्या पानांवरून डॉक्टरांना जे दिसलं ते कुठल्याही तपासणीत दिसलं नसतं. पहिले काही टप्पे साधे गेले. डोस निम्म्यावर आला त्या सुमारास चौकोन भरायला लागले.

पहाटे चारच्या सुमारास घामानं अंग चिंब, छातीत धडधड, आता काहीतरी वाईट होणार असं वाटणं. एकदा मुलगा त्यांना तालुक्याच्या गावी कॅज्युअल्टीत घेऊन गेला. ईसीजी चांगला आला, गॅस म्हणून परत पाठवलं. दिवसा खिन्न बसून राहणं, चहा पुढे केला तर चिडणं, नातवावर ओरडणं, अंगभर दुखणं. आणि एकच मागणी, “मला काही नको, फक्त ती गोळी एक द्या.” काका जुनं प्रिस्क्रिप्शन घेऊन मेडिकलमध्ये गेले. मुलानं दुकानदाराला आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून गोळी मिळाली नाही. तर तिथे त्यांनी दुकानदाराला शिवी दिली, ज्या माणसानं स्टँडवर कधी कंडक्टरशी आवाज चढवला नव्हता त्यानं.

घरच्यांनी काढलेला अर्थ सगळेच काढतात तो: पार्किन्सन वाढला. मुलानं न विचारता सिन्डोपाची एक गोळी वाढवून पाहिली. घबराट तसूभर कमी झाली नाही, उलट हात-मान वेडीवाकडी हलायला लागली. तेव्हा मला फोन आला.

अशा वेळी मी व्हिडिओवर एक साधी परीक्षा घेते. अंगठा आणि तर्जनी भराभर जुळवून दाखवा. हाताची घडी घालून खुर्चीतून उठा. दारापर्यंत जाऊन वळून या. काकांनी तिन्ही गोष्टी ठीक केल्या. वळताना पाऊल अडखळलं नाही. चेहरा मात्र पार विझलेला. आजार वाढला असता तर हालचाल ढासळली असती. हालचाल जागेवर आणि मन तळाला, असं दिसलं की मी डॉक्टरांना फोन लावते. दुसरी गोष्ट, निजल्यावर आणि उभं राहिल्यावर असं दोनदा बीपी घ्यायला सांगते. काकांचं उभं राहिल्यावर चांगलंच उतरत होतं. उठताना डोळ्यांपुढे अंधारी यायची ती त्यामुळे, अशक्तपणामुळे नव्हे.

या सगळ्याला अ‍ॅगोनिस्ट सोडल्यानंतरची विथड्रॉअलची लक्षणं म्हणतात. अमेरिकेतल्या रॅबिनॅक आणि निरेनबर्ग या दोघींनी २०१० साली त्यांचं नीट वर्णन केलं. त्यांच्या पाहणीत ज्या २६ जणांचं अ‍ॅगोनिस्ट कमी केलं त्यांतल्या पाच जणांना हा त्रास झाला, आणि त्या पाचही जणांना आधी त्या नाद लावणाऱ्या सवयी जडलेल्या होत्या. म्हणजे ज्याला गोळी थांबवण्याची सगळ्यांत जास्त गरज, त्यालाच थांबवताना सगळ्यांत जास्त त्रास. लेव्होडोपा वाढवून हा त्रास जात नाही, हेही त्यांनी नोंदवलं. आराम पडायचा तो अ‍ॅगोनिस्ट परत दिल्यावरच. काहींना तर ते पूर्ण सोडताच आलं नाही. कोकेनसारखं उत्तेजक सुटताना होणाऱ्या त्रासाशी त्यांनी याची तुलना केली होती. ती मी घरच्यांना सांगत नाही. सासऱ्यांना व्यसन लागलंय एवढंच त्यातलं लक्षात राहतं आणि मग जावा-जावांत कुजबूज सुरू होते.

डॉक्टरांनी काकांचा डोस एक टप्पा वर नेला आणि तिथेच थांबवला. महिना-दीड महिना काहीही हलवायचं नाही. मग पुढचे टप्पे अर्ध्या मापाचे, पावाऐवजी साडेबारा शतांश मिलिग्रॅम. मागे जाणं म्हणजे हार नव्हे, हे काकांना पटवायला मला दोन-तीन फोन लागले. ते उलट्या दिशेनं हट्टाला पेटले होते, “एकदाची बंदच करून टाका.” दोन्ही हट्टांना एकच उत्तर, कालनिर्णय दाखवा.

या काळात काय उपयोगी पडतं, हे मला पुस्तकांपेक्षा घरांनी शिकवलं. नैराश्यावरच्या किंवा झोपेच्या गोळ्या डॉक्टर गरजेप्रमाणे देतात. कुणाला थोडा फरक पडतो, कुणाला नाही. या त्रासावर त्या हमखास चालतील असं म्हणता येत नाही. पहाटेची घबराट येणारच हे माहीत असलं, तर तिची धार बोथट होते. म्हणून मी आधीच सांगून ठेवते, चार वाजता जाग येईल, घाम येईल, मरतो असं वाटेल, मरणार नाही. घरातलं एक माणूस त्या वेळी उठून शेजारी बसेल, एवढी सोय करा. पंखा लावा, पाणी द्या, बोलायची गरज नाही. उठायचं ते सावकाश, आधी पाय खाली सोडून बसायचं. सकाळी अंगावर ऊन घेऊन चालणं, मग ते अंगणातल्या अंगणात का असेना. जेवणाच्या वेळा पक्क्या. पैशांचे व्यवहार काही महिने दुसऱ्याच्या हातात, पण पेशंटला सांगून, त्याच्या संमतीनं. काकांच्या फोनमधलं यूपीआय त्यांनी स्वतः मुलाकडून काढून घेतलं. चोरून काढलं असतं तर त्या घरात आणखी एक भांडण झालं असतं. आणि “मला जगायचं नाही” असं एकदा जरी कानावर आलं तरी पुढच्या तारखेची वाट पाहायची नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं, माणसाला एकटं सोडायचं नाही. रात्री-अपरात्री कुणाशी बोलायचं असेल तर सरकारचा टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक मी तक्त्याच्या डोक्यावर लिहून देते.

काका शेवटी शून्यावर आले. रमी सुटली, पंखा पुन्हा छताला लागला. पहाटेची हुरहुर पुढेही बरेच महिने रेंगाळली आणि मूळचा बोलका स्वभाव पूर्ण परतला असं काकूंना आजही वाटत नाही. गेलेले पैसेही परत आले नाहीत. दुसऱ्या एका बाईंच्या बाबतीत आम्हाला शून्य गाठताच आलं नाही. अर्धा मिलिग्रॅमच्या खाली उतरलं की त्या अन्न सोडायच्या. त्यांना तेवढ्या डोसवरच ठेवलंय. ऑनलाइन साड्यांची खरेदी होऊ नये म्हणून कार्ड लेकीकडे आहे. हेही यशच आहे, असं आमचे डॉक्टर म्हणतात आणि मला ते मान्य आहे.

आता दुसरी तऱ्हा. अ‍ॅगोनिस्ट एकदम थांबलं की बहुधा मन कोसळतं. लेव्होडोपा एकदम थांबलं तर शरीर, आणि तिथे महिने नसतात, तास असतात. मांडीचं हाड मोडलेल्या एका आजींना घरच्यांनी जवळच्या रुग्णालयात दाखल केलं. ऑपरेशनसाठी तोंडावाटे सगळं बंद, म्हणून सिन्डोपाही बंद. ऑपरेशन पुढे गेलं, गोळी मागेच राहिली. नंतर गिळता येईना म्हणून कुणी दिली नाही. त्यांच्या सुनेचा मला फोन आला तेव्हा आजींना १०४ ताप, अंग ताठ, घामाघूम, माणसं ओळखेनात. तिथे जंतुसंसर्ग धरून उपचार चालले होते. मी सुनेला एवढंच म्हटलं, “वहिनी, तिथल्या डॉक्टरांना आत्ता जाऊन सांगा, पार्किन्सनची गोळी परवापासून बंद आहे. हेच शब्द सांगा.” मग आमचे डॉक्टर त्यांच्या डॉक्टरांशी बोलले. सीपीके तपासलं, ते खूप वाढलेलं निघालं. म्हणजे ताठरलेले स्नायू झिजत होते आणि त्याचा भार मूत्रपिंडांवर पडत होता. नाकातून रायल्स ट्यूब घालून साधी गोळी बारीक करून, पाण्यात कालवून पुन्हा सुरू झाली. सोबत सलाईन, थंड पट्ट्या, आयसीयू. आजी वाचल्या. पूर्वीइतक्या चालल्या नाहीत.

इथे एक बारकावा आहे. सीआर, म्हणजे सावकाश विरघळणारी गोळी कुटून नळीतून द्यायची नसते. सगळं औषध एकदम अंगात उतरतं. डॉक्टर साध्या गोळीचा डोस बसवून देतात. आणि उलटी थांबवायला सर्रास दिलं जाणारं मेटोक्लोप्रमाइड पार्किन्सनच्या पेशंटला चालत नाही, ते डोपामाइनचा मार्गच अडवतं. ऑपरेशनच्या आधीही भूलतज्ज्ञांना विचारलं तर बहुतेक वेळा घोटभर पाण्याबरोबर नेहमीची गोळी घ्यायची परवानगी मिळते. विचारायला हवं, इतकंच. ब्रिटनमध्ये पार्किन्सन्स यूके या संस्थेनं २००६ साली यासाठीच मोहीम काढली, रुग्णालयात दाखल झालेल्या पेशंटला त्याची गोळी ठरल्या वेळी मिळाली पाहिजे म्हणून. वॉर्डातली औषधांची गाडी आठला फिरते आणि आजींची गोळी साडेसहाची असते. हा दीड तास कागदावर किरकोळ दिसतो. पण रक्तातलं लेव्होडोपा साधारण दीड तासातच निम्म्यावर येतं.

गंमत म्हणजे सत्तरच्या दशकात हेच औषध मुद्दाम थांबवून बघितलं जायचं. ‘ड्रग हॉलिडे’ म्हणून पेशंटला रुग्णालयात ठेवून काही दिवस लेव्होडोपा बंद करायचे, म्हणजे परत सुरू केल्यावर गुण जास्त येईल अशी समजूत. ताप, न्यूमोनिया, पायात रक्ताच्या गुठळ्या असे प्रकार व्हायला लागले आणि ती पद्धत मोडीत निघाली. आपल्याकडे मात्र अशी सुट्टी लोक घरीच देतात, डॉक्टरांना न सांगता. “गोळ्यांची सवय लागेल म्हणून मध्ये चार दिवस बंद ठेवल्या.” “लग्नाच्या गडबडीत राहिल्या.” “आषाढी होती, उपवासाला औषध चालतं का माहीत नव्हतं.” चालतं. उलट लेव्होडोपा रिकाम्या पोटी जास्त चांगलं लागू पडतं. प्रथिनांच्या जेवणाशी त्याचं जमत नाही म्हणून आम्ही जेवणाच्या अर्धा तास आधीच द्यायला सांगतो.

आयुर्वेदाविषयी मला पुष्कळ विचारतात. खाजकुइलीच्या बियांची पूड, कपिकच्छू म्हणून मिळते ती, कंपावर परंपरेनं वापरली जाते आणि तिच्यात खरोखरच लेव्होडोपा असतं. १९३७ साली मद्रासमधल्या संशोधकांनी ते या बियांतून वेगळं काढून दाखवलं होतं. म्हणूनच ती ‘निरुपद्रवी’ धरून चालत नाही. सिन्डोपा बंद करून पूड सुरू केली, तर नेमकं किती औषध कमी झालं ते कुणालाच कळत नाही. पूड संपली की परत तोच खेळ. घेत असाल तर घ्या, पण आमच्यापासून लपवू नका, एवढंच माझं म्हणणं असतं.

गोळ्यांची आणखी एक जात आहे, तिची कहाणी उलटी. पित्ताच्या गोळीत जोडून येणारं लेव्होसल्पिराइड डोपामाइनला अडवतं. महिनोन्महिने ‘गॅसची गोळी’ म्हणून ते घेणाऱ्या माणसांना हात थरथरतात, पाऊल घसटतं म्हणून आमच्याकडे पाठवलं जातं. गोळी थांबवल्यावर बहुतेकांचा कंप जातो, पण आठवडे, कधी महिने घेऊन. काहींच्या तोंडाचे, जिभेचे चाळे तर गोळी थांबल्यानंतर दिसायला लागतात. “थांबवूनही वाढतंय, म्हणजे गोळीचा काही संबंध नाही,” असं म्हणून ती पुन्हा सुरू करणारेही भेटतात. पेशंटनं सगळी पाकिटं पिशवीत घालून आणावीत असा आग्रह मी धरते तो यासाठी. प्रिस्क्रिप्शनवर नसलेली गोळीच बऱ्याचदा मुळाशी असते.

इतक्या वर्षांनी माझं मत पक्कं झालंय. औषध थांबवणं हा उपचाराचा शेवट नव्हे, तो स्वतंत्र उपचार आहे. त्याला डोस असतो, वेळ लागतो आणि माणूस लागतं. आपल्या व्यवस्थेत सुरू करण्याला तपासणी आहे, फी आहे, फाइल आहे. थांबवण्याला यांतलं काही नाही. गर्दीच्या ओपीडीत डॉक्टर ‘हळूहळू कमी करा’ असे तीन शब्द लिहितात आणि ‘हळूहळू’ म्हणजे किती, याचा अर्थ घरी प्रत्येकजण आपापल्या परीनं लावतो. एकानं एक दिवसाआड घेतली. एकीनं सकाळची सोडली आणि रात्रीच्या दोन केल्या. तक्ता लिहून द्यायला आणि आठवड्यातून एक फोन करायला रुग्णालयाला फार खर्च येत नाही. एका परिचारिकेचा काही वेळ लागतो. तो ठरवून दिला तर त्या आजींसारखी आयसीयूची पाळी टळू शकते.

आणि घरच्यांचं काम कुणी मोजतच नाही. पुण्यातल्या पार्किन्सन्स मित्रमंडळात पेशंटच्या बरोबरीनं त्याला सांभाळणाऱ्या माणसालाही जागा असते, तसं ओपीडीतही असायला हवं. काकूंनी अर्धं वर्ष शिव्या ऐकल्या, पहाटे उठल्या, कालनिर्णयचे चौकोन भरले आणि त्यातूनही दुधाचा हिशेब चुकू दिला नाही. त्यांना एकदा विचारलं, तुम्ही कशा आहात? त्या म्हणाल्या, “हे आजवर कुणी विचारलं नव्हतं.”

वाचणाऱ्यांत कुणाच्या घरी या गोळ्या चालू असतील तर माझी विनंती आहे. गोळी स्वतःहून थांबवू नका, कमी करू नका आणि परत वाढवूही नका. संपायच्या आठवडाभर आधी पुढची आणून ठेवा, प्रवासात हातातल्या पिशवीत ठेवा. औषधांची नावं, डोस आणि वेळा एका कागदावर लिहून पेशंटच्या पाकिटात आणि सांभाळणाऱ्याच्या फोनमध्ये ठेवा. कुठल्याही रुग्णालयात दाखल व्हायची वेळ आली तर तो कागद पहिल्यांदा दाखवा. जुगार, खरेदी, रात्रीचा त्रास यांतलं काही दिसलं तर लाज न बाळगता सांगा, तो स्वभाव नसतो. गोळी कमी होत असताना चिडचिड, घाम, भीती वाढली तर ती आजार वाढल्याची खूण आहे असं परस्पर ठरवू नका, फोन करा. आणि नवी गोळी लिहून मिळेल त्याच दिवशी डॉक्टरांना एक प्रश्न विचारा: ही थांबवायची वेळ आली तर कशी थांबवायची? उत्तर कागदावर लिहून घ्या.